रिकामे पिंप आणि मोकळे पिंप

गेल्या खेपेला आपण इंग्रजीतल्या नामांची ओळख करून घेतली. आज विशेषणांची पाळी. नामाबद्दल जास्तीची माहिती सांगतो तो शब्द विशेषण, ही व्याख्या आपल्या मुलांना तोंडपाठ असते. शाळा मराठी असो की कन्नड, ‘विशेषण’ हा शब्दही दोन्हीकडे एकच. तरीही इंग्रजीत चार वाक्ये लिहायला सांगितली की गाडी अडते. व्याख्या पाठ असणे वेगळे आणि शब्द वापरता येणे वेगळे, हेच त्याचे कारण. म्हणून आज आपण एकच विशेषण घेऊ आणि ते सगळ्या बाजूंनी उलटेपालटे करून पाहू. शब्द अगदी साधा, तिसरी-चौथीतल्या मुलालाही ठाऊक असलेला: ‘एम्प्टी’. म्हणजे रिकामा. इतका साधा शब्द का निवडला, असे वाचकांना वाटेल. याच शब्दाने जगात अनेकांचे जीव घेतले आहेत. ते कसे, ते पुढे येईलच. आधी व्याकरण.

पहिली गोष्ट, आपल्या मुलांना दिलासा देणारी. मराठीत ‘रिकामा’ हे विशेषण नामाप्रमाणे रूप बदलते. रिकामा डबा, रिकामी बाटली, रिकामे पिंप. अनेकवचनात रिकामे डबे, रिकाम्या बाटल्या, रिकामी पिंपे. आणि पुढे विभक्ती आली की रिकाम्या डब्यात, रिकाम्या बाटलीत. इंग्रजीत यातले काही नाही. डबा असो, बाटली असो, एक असो की पन्नास, ‘एम्प्टी’ ते ‘एम्प्टी’च. ज्यांच्या घरात कन्नड बोलतात त्यांना हे नवे नाही. खाली डब्बी, खाली कोड, खाली मने. डबा, घागर, घर काहीही असो, ‘खाली’ तसाच राहतो. या एका बाबतीत कन्नड इंग्रजीला मराठीपेक्षा जवळची आहे. मराठीतही सुंदर, हुशार, लाल, जड अशी न बदलणारी विशेषणे आहेतच. तेव्हा मुलाला सांगावे, “बाळा, इंग्रजीतले प्रत्येक विशेषण ‘लाल’सारखे वागते, ‘रिकामा’सारखे नाही.” एवढ्याने निम्मी भीती जाते.

दुसरी गोष्ट जागेची. विशेषण दोन ठिकाणी बसते. एक नामाच्या आधी, “धिस इज ॲन एम्प्टी बॉटल.” दुसरे क्रियापदाच्या पाठीमागे, “द बॉटल इज एम्प्टी.” मराठीत आपण ‘बाटली रिकामी आहे’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बाटली खाली ऐति’. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. शिवाय बोलताना आपण ते गाळूनही टाकतो. ‘अगं, डबा रिकामा!’ किंवा ‘डब्बी खाली!’ एवढ्याने काम भागते. ही सवय इंग्रजीत आली की मूल “बॉटल एम्प्टी” लिहून मोकळे होते आणि पेपरात लाल रेघ येते. इंग्रजीत ‘इज’ किंवा ‘आर’ गाळून चालत नाही. आणि एक बाटली असेल तर ‘इज’, अनेक असतील तर ‘आर’. बदल होतो तो क्रियापदात आणि नामात. विशेषण जागचे हलत नाही.

तिसरी गोष्ट ‘ए’ आणि ‘ॲन’ची. याने भलेभले गोंधळतात, कारण हे मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही. स्वराचा उच्चार आला की ‘ॲन’, हा नियम मुले पाठ करतात, पण तो नामाकडे बघून लावतात. खरे पाहता लगेच पुढे जो शब्द येतो त्याच्याकडे बघायचे असते. ‘ए बॉटल’, पण ‘ॲन एम्प्टी बॉटल’. उलट ‘ॲन एग’, पण ‘ए बॉइल्ड एग’. मधे विशेषण आले की निर्णय विशेषणाच्या हातात जातो. लग्नाच्या वरातीत नवरदेवापुढे जो चालतो त्यालाच आधी वाट द्यावी लागते, तसे हे.

चौथी गोष्ट तुलनेची. एम्प्टी, एम्प्टियर, एम्प्टिएस्ट. शेवटचा ‘वाय’ जाऊन तिथे ‘आय’ येतो, हे लिहिताना लक्षात ठेवायचे. आपण मराठीत ‘पेक्षा’ लावतो, कन्नडमध्ये ‘किंत’ लावतो, पण विशेषणाला हात लावत नाही. इंग्रजीत विशेषणालाच शेपूट फुटते. म्हणून कधी कधी मुले दोन्ही करतात आणि “मोअर एम्प्टियर” असे लिहितात. एकच करायचे. “द मॉर्निंग बस इज एम्प्टियर दॅन द इव्हनिंग बस.” सकाळची बस संध्याकाळच्या बसपेक्षा रिकामी असते. इथे कोणी चौकस मूल विचारील, “सर, रिकामे ते रिकामे. त्यात कमी-जास्त काय?” प्रश्न अगदी बरोबर आहे. तो इथे ठेवू या, पुढे लागणार आहे.

आता व्याकरणातून अर्थाकडे येऊ. शब्दकोशात ‘एम्प्टी म्हणजे रिकामा’ असे लिहिलेले असते आणि मुलांना वाटते, एक इंग्रजी शब्द बरोबर एक मराठी शब्द. पण जरा पाहा. ‘एम्प्टी बॉक्स’ म्हणजे रिकामा डबा. ‘एम्प्टी प्रॉमिस’ म्हणजे मात्र पोकळ आश्वासन, कन्नडमध्ये ‘पोळ्ळु भरवसे’. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच ऐकू येतो. ‘एम्प्टी व्हिलेज’ म्हणजे ओस पडलेले गाव. डॉक्टर जेव्हा ‘एम्प्टी स्टमक’ म्हणतात तेव्हा गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, ‘खाली होट्टेलि’. ‘एम्प्टी हँडेड’ म्हणजे रिकाम्या हाताने, ‘बरिगैलि’. पाहुण्याकडे तसे जायचे नाही हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. एका इंग्रजी शब्दाला मराठीत रिकामा, पोकळ, ओस, उपाशी असे चार शब्द लागले, कन्नडमध्ये खाली, पोळ्ळु, बरि असे तीन. विशेषणाचा अर्थ त्याच्या सोबतच्या नामावरून ठरतो. म्हणून विशेषण एकटे पाठ करू नये, नामासकट जोडीने पाठ करावे.

म्हणींमध्येही हीच गंमत. इंग्रज म्हणतो, रिकामे भांडे फार वाजते. आपण मराठीत म्हणतो, उथळ पाण्याला खळखळाट फार. कन्नडमध्ये तेच उलट्या बाजूने सांगतात, ‘तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल’, भरलेली घागर हिंदकळत नाही. सांगणे एक, पण एकाने भांडे घेतले, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने भरलेली घागर. या म्हणीचे शब्दाला शब्द भाषांतर करणारा विद्यार्थी फसतो. तिन्ही घरांत ती काय सांगते हे ओळखणारा तरतो.

उलट दिशेनेही घसरगुंडी असते. पहिल्या वर्षाच्या वर्गात रविवारबद्दल लिहायला सांगितले की एखाद्या तरी वहीत हे वाक्य सापडतेच: “आय ॲम एम्प्टी टुडे.” मी आज रिकामा आहे! मराठीत हे बरोबर आहे. कन्नडमध्येही ‘नानु इवत्तु खाली इद्दीनि’ म्हणतातच. पण इंग्रजीत माणूस वेळेच्या अर्थाने ‘एम्प्टी’ नसतो, ‘फ्री’ असतो. “आय ॲम फ्री टुडे.” ‘आय ॲम एम्प्टी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, या माणसाचे मन फार उदास झाले आहे. इथे मुलांना मराठीतला दुसरा शब्द दाखवावा. मी आज ‘मोकळा’ आहे. कन्नडमध्ये ‘बिडुवु’ आहे. रिकामा म्हणजे ‘एम्प्टी’ आणि मोकळा म्हणजे ‘फ्री’, ही जोडी ध्यानात ठेवा. ‘फ्री’ म्हटले की आपल्याला फुकट एवढेच आठवते, पण त्याचा जुना आणि मोठा अर्थ मोकळा, सुटलेला हाच. रिकामा आणि मोकळा यांतले अंतर बोलताना केसाएवढे वाटते. कारखान्यात मात्र ते माणसाच्या जिवाएवढे असते. म्हणून आता आपण वर्गातून निघून थेट बडोद्याजवळच्या कोयलीला जाऊ.

कोयलीच का? आपल्या भागातली पुष्कळ मुले डिप्लोमा किंवा आयटीआय करून गुजरातेतल्या कारखान्यांत नोकरीला जातात. शिवाय बडोदे आपल्याला परके नाही. गायकवाडांच्या राजवटीमुळे तिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, लिहिता-वाचता न येणारा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा नेटाने शिकला. आणि सयाजीराव महाराज म्हणून १९०६ साली त्याने आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपली घरे मराठी-कन्नड, तिथली मराठी-गुजराती. दोन भाषांत वाढण्याचे सुख आणि गोंधळ दोन्हीकडे सारखेच.

कोयली हे बडोद्याच्या वायव्येला, अगदी जवळ असलेले गाव. अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडले आणि गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना काढायचे ठरले. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने कोयलीत ‘गुजरात रिफायनरी’ उभी राहिली. पंडित नेहरूंच्या हस्ते मे १९६३ मध्ये पायाभरणी झाली, १९६५ साली पहिला भाग सुरू झाला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. सुरुवातीला वर्षाला २० लाख टनांची असलेली क्षमता पुढे वाढत १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत गेली. इंडियन ऑइलचा हा एक मोठा कारखाना. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस, बेंझिन अशा अनेक गोष्टी तिथे तयार होतात आणि मोठमोठ्या टाक्यांत साठवल्या जातात. टाकी म्हटली की ती कधी भरलेली असणार, कधी रिकामी. म्हणजे आपला शब्द आलाच.

आता भाषेचा पहिला घोटाळा पाहा. अशा कारखान्यात देशभरातून आलेले लोक असतात. गुजराती माणूस म्हणतो, “टांकी खाली छे.” हिंदीवाला म्हणतो, “टंकी खाली है.” कन्नडवाला म्हणतो, “टाकी खाली ऐति.” तिघांचाही अर्थ एकच, टाकी रिकामी आहे. पण नाशिक किंवा पुण्याकडचा एखादा नवखा मराठी मुलगा ‘खाली’ हा शब्द ऐकून मान वाकवून तळाकडे बघेल! कारण त्याच्या मराठीत खाली म्हणजे गुजरातीतले ‘नीचे’ आणि कन्नडमधले ‘केळगे’. आपल्या सीमाभागातल्या मुलाची अशी फसगत होणार नाही, कारण त्याने दोन्ही ‘खाली’ घरातच ऐकलेले असतात. दोन भाषांच्या घराला लोक कमी लेखतात, “ना धड हे, ना धड ते” म्हणतात. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे आणि तो ओळखणारा माणूस भाषेचा प्राध्यापक नव्हता. अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १८९७, मृत्यू १९४१. शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचे आणि १९१९ पासून नोकरी हार्टफर्ड फायर इन्शुरन्स या आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत. कारखान्यांत आगी का लागतात याची पाहणी करणे हे काम, आणि फावल्या वेळात भाषांचा अभ्यास. आगीच्या अहवालांवरून अहवाल वाचताना त्यांच्या ध्यानात आले की काही आगींमागे यंत्रापेक्षा शब्दाचा हात असतो. जिथे पेट्रोलची भरलेली पिंपे असत तिथे कामगार जपून वागत, विडी-सिगारेट पेटवत नसत. शेजारीच ‘एम्प्टी’ म्हणून ठेवलेल्या पिंपांजवळ मात्र ते निर्धास्त होत. कारण रिकामे म्हणजे काही नसलेले, म्हणजेच निरुपद्रवी, असा मनात हिशेब. प्रत्यक्षात ती रिकामी पिंपेच जास्त घातक. १९३९ साली लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात हे उदाहरण आहे. आपली भाषा आपल्या विचाराला किती बांधते याबद्दल व्होर्फ यांनी जी मोठमोठी अनुमाने काढली ती पुढच्या अनेक अभ्यासकांनी मान्य केली नाहीत. पिंपाचे उदाहरण मात्र आजही सुरक्षिततेच्या दृष्टीने तेवढेच खरे आहे.

रिकामे पिंप जास्त घातक कसे? पेट्रोल स्वतः द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही निघते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याची काय कथा! पण वाफ पेटायला हवाही योग्य प्रमाणात लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेट घेते. त्याहून कमी असेल तरी नाही आणि फार जास्त असेल तरी नाही. भरलेल्या, बंद पिंपात वरची मोकळी जागा थोडी आणि ती वाफेने गच्च भरलेली, हवा अपुरी. पिंप ओतून रिकामे केले की आत हवा शिरते, तळाशी आणि कडेला पेट्रोल चिकटून राहिलेले असते, त्याची वाफ हवेत मिसळते. मग सबंध पिंपभर स्फोटक मिश्रण तयार होते. एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती उडून न जाता तळाशीच बसून राहते. ज्याला आपण ‘एम्प्टी’ म्हटले ते काठोकाठ भरलेले असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

मघाशी जो प्रश्न बाजूला ठेवला होता तो आता घेऊ. रिकाम्यात कमी-जास्त काय? आहे. आणि त्याचे उत्तर इंग्रजी व्याकरणातच आहे. ‘एम्प्टी’च्या पुढे ‘ऑफ’ लावता येतो. “द ड्रम इज एम्प्टी ऑफ पेट्रोल.” पिंप पेट्रोलचे रिकामे आहे. कशाचे रिकामे, हे सांगितले की वाक्य पुरे होते. आणि ते पुरे झाले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: पेट्रोलचे रिकामे, पण वाफेचे? बोलणारा ज्या वस्तूच्या शोधात असतो ती सापडली नाही की तो ‘रिकामे’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. दुसऱ्याच्या दृष्टीने ते खोटे ठरू शकते.

म्हणूनच तेलशुद्धीकरणाच्या धंद्यात ‘एम्प्टी’ या शब्दावर भरवसा ठेवत नाहीत. टाकीत माणूस उतरवायचा असेल किंवा तिच्यावर वेल्डिंग करायचे असेल तर टाकी ‘गॅस-फ्री’ झाली पाहिजे. आधी द्रव काढायचा, मग टाकीला येऊन मिळणारे नळ पत्रे घालून तोडायचे, वाफेने किंवा हवेने टाकी धुऊन काढायची, मग यंत्राने आतल्या हवेची तपासणी करायची आणि सहीनिशी लेखी परवाना मिळाल्यावरच कामाला हात लावायचा. ‘गॅस-फ्री’ हे जोडविशेषण आहे; आपण दुकानात ‘शुगर-फ्री’ वाचतो त्यातलेच. म्हणजे कारखान्याने रिकामा सोडून मोकळा हा शब्द उचलला! टाकी रिकामी झाली म्हणजे मोकळी झाली असे नाही. जे आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रविवारच्या निबंधात कळायला हवे होते, तेच टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फिटरला कळायला हवे.

यातही एक पोटप्रश्न आहे. टाकीतला गॅस हुसकून लावायला कधी नायट्रोजन सोडतात. मग टाकी पेट्रोलच्या वाफेपासून मोकळी होते, पण प्राणवायूपासूनही मोकळी होते. उतरणारा माणूस दोन श्वासांत कोसळतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो; तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर टाकीत उतरू देत नाहीत. तेव्हा ‘फ्री’ म्हटले तरी ‘फ्री फ्रॉम व्हॉट’ हे विचारायचेच.

कोयलीत ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बेंझिनच्या साठवण टाकीचा स्फोट होऊन मोठी आग लागली आणि दोघांचा जीव गेला. ती दुर्घटना एखाद्या शब्दामुळे झाली असे मी अजिबात सुचवत नाही. पण अशा ठिकाणी आपल्या गावची, आपल्या नात्यातली मुले काम करतात. तिथल्या पाट्या, परवाने आणि सूचना त्यांनी शब्द न्‌ शब्द समजून वाचल्या पाहिजेत, एवढे ती बातमी वाचताना प्रत्येक आईवडिलांच्या मनात आले असेल.

पाट्यांवरून आणखी एक विशेषण आठवले. पुणे-बेंगळुरू महामार्गावर टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले दिसते. मुलांना शाळेत शिकवलेले असते की शब्दाच्या आधी ‘इन’ आला की अर्थ उलटा. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, आपल्या शुद्ध-अशुद्ध, योग्य-अयोग्य यांसारखे. त्या हिशेबाने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे! प्रत्यक्षात अर्थ नेमका उलट, चटकन पेट घेणारे. इथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. या गोंधळाने अपघात होऊ नयेत म्हणून गेल्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी नुसते ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. नियम पाठ असणे चांगलेच, पण पाटीवरचा शब्द नियमावरून नव्हे, अर्थावरून वाचायचा.

कोयली दूर आहे असे वाटत असेल तर आपल्या आसपास बघा. बेळगावच्या उद्यमबागेत, निपाणीच्या रस्त्यावर, कुठल्याही गावच्या गॅरेजमध्ये जुने पिंप गॅसकटरने कापून पाण्याची टाकी करायचे काम चालते. “अहो मिस्त्री, रिकामेच आहे, कापा,” असे गिऱ्हाईक सहज म्हणून जाते. मिस्त्रीने विचारावे, “कशाचे रिकामे?” स्वयंपाकघरातला सिलिंडर संपला की आपण तो रिकामा म्हणतो, पण त्यात थोडा गॅस उरलेला असतो, तेव्हा खटका बंद करून टोपी बसवल्याखेरीज तो कोपऱ्यात ढकलू नये. शेतावर औषध फवारून झाल्यावर उरलेली बाटली रिकामी दिसते, पण विषापासून मोकळी नसते. ती धुऊन पाण्याला किंवा तेलाला वापरणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ.

हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना होते. धान्याची पेवे, म्हणजे कन्नडमधले ‘हगेवु’, पूर्वी आपल्या भागात घरोघरी असत. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून वारे खेळू द्यायचे, मग दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. धान्य श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, ही रसायनशास्त्राची भाषा त्यांना ठाऊक नव्हती. पण दिसते रिकामे तरी आत काही तरी असते, हे त्यांना पक्के माहीत होते. आणि लक्षात घ्या, पेवात जो दिवा जीव वाचवी, तोच पेट्रोलच्या टाकीत सोडला तर जीव घेईल. कशाचे रिकामे, हे कळल्याशिवाय उपायही ठरत नाही.

तेव्हा पालकहो, मुलांना विशेषण शिकवताना तीन गोष्टी करा. विशेषण नामाच्या जोडीने शिकवा. त्याच शब्दाला घरातल्या दोन्ही भाषांत काय म्हणतात ते आजी-आजोबांना, अव्वा-अज्जांना विचारायला लावा. एका भाषेत अडलेला अर्थ दुसरीत सुटतो. आणि प्रत्येक विशेषणाला एक प्रश्न विचारायची सवय लावा. रिकामे, कशाचे? चांगले, कशासाठी? सुरक्षित, कोणासाठी? हा प्रश्न विचारणारे मूल इंग्रजीच्या पेपरात तर चांगले गुण मिळवीलच, पण नोकरीच्या ठिकाणी परवान्यावर सही करण्याआधीही क्षणभर थांबेल.

या आठवड्याचा अभ्यास असा. ‘एम्प्टी’ वापरून सहा वाक्ये लिहा: दोन नामाच्या आधी, दोन ‘इज’ किंवा ‘आर’च्या पुढे, एक तुलनेचे आणि एक ‘ऑफ’ लावून. मग ‘फ्री’ वापरून तीन वाक्ये लिहा, पण त्यातल्या एकातही फुकट हा अर्थ नको. शेवटी घरातल्या पाच रिकाम्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहा, ती कशाची रिकामी आहे आणि तिच्यात अजून काय उरले आहे. ही यादी आईला दाखवायला विसरू नका. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही, हे जिने तुम्हाला शिकवले, तिला या विषयातले तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

पुढच्या वेळी याचा जोडीदार घेऊ: ‘फुल’.